जुन्या आयसी-७१८ मध्ये आधी काय बदलावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे मागाहून वाचणाऱ्यालाही संदर्भ लागेल. इंदूरला सुदामा नगरात दुमजली घर, गच्चीवर ४० मीटर बँडचा (७ मेगाहर्ट्झचा) इन्व्हर्टेड-व्ही, म्हणजे उलट्या व्ही आकाराची तारेची अँटेना, नुकताच हातात पडलेला हौशी (हॅम) रेडिओचा रिस्ट्रिक्टेड ग्रेडचा परवाना आणि जुना घेतलेला आयकॉम आयसी-७१८ हा रेडिओ सेट. संध्याकाळी ७ मेगाहर्ट्झवर सिग्नलची ताकद दाखवणाऱ्या मीटरचा काटा (या सेटात स्क्रीनवरची पट्टी) एस-७, एस-८च्या खाली येत नाही. पुण्या-नागपूरची मंडळी म्हणतात की तुमच्या आवाजात हम (सलग घुमणारी घरघर) आहे आणि जोरात बोललात की आवाज फाटतो. त्यावर तुम्ही यादी केली आहे: अरुंद फिल्टर, डेस्क माइक, एफटी-८ साठी (कॉम्प्युटरवरून चालणारी डिजिटल पद्धत) सेट आणि कॉम्प्युटर जोडणारा इंटरफेस, जमलं तर लिनिअर, म्हणजे पॉवर वाढवणारा अॅम्प्लिफायर, आणि कुणीतरी सुचवलं म्हणून डायोड काढून सेट ‘ओपन’ करणं, म्हणजे हौशी बँडांबाहेरही प्रसारण होईल असा करणं. यातलं आधी काय करू, असं विचारलं आहे.

खरं सांगायचं तर तक्रारी दोनच आहेत. ऐकताना गोंगाट आणि बोलताना हम. यादीतल्या एकाही वस्तूने यातली एकही तक्रार जाणार नाही. दोन्हींचं मूळ बहुधा सेटच्या पाठीमागे येणाऱ्या दोन तारांमध्ये आहे, एक वीज आणणारी आणि एक अँटेनाकडे जाणारी (कोअॅक्स केबल). ‘बहुधा’ म्हणतो, कारण तुमचा सेट मी पाहिलेला नाही, आणि जुन्या सेटला आधीच्या मालकाने आत काय काय केलंय ते झाकण काढल्याशिवाय कळत नाही. पण तपासायला पैसे लागत नाहीत, एक संध्याकाळ लागते.

आधी गोंगाट. काटा एस-८वर असताना मागचा अँटेनाचा प्लग फिरवून काढा. काटा खाली बसला आणि स्पीकर शांत झाला, की समजा गोंगाट बाहेरून येतोय आणि सेटच्या आत काहीही बसवून तो थांबणार नाही. मग दुसरी पायरी. सेट चांगल्या चार्ज केलेल्या बॅटरीवर लावा, अँटेना परत जोडा, आणि घरची मेन स्विच पाडा. इथे इंदुरात एक गोष्ट हमखास विसरली जाते: मेन पाडली की घरचा इन्व्हर्टर सुरू होतो, आणि तो स्वतःच गोंगाट करतो. तोही बंद करायचा. बॅटरी इन्व्हर्टरचीच वापरणार असाल तर इन्व्हर्टर बंद करून त्याच्या लीड काढा, मग सेट जोडा, आणि मध्ये फ्यूज ठेवा. आता काटा एस-८वरून एस-४वर आला तर चोर घरातच आहे. मेन चढवून एकेक एमसीबी वर करत जा. कुठल्या खोलीपाशी काटा उडी मारतो ते दिसेल. माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींत पहिला नंबर स्वस्त एलईडी बल्बांचा, मग वायफाय राउटर आणि सेट-टॉप बॉक्सच्या अडॅप्टरचा. हल्ली त्यात बीएलडीसी पंख्यांची भर पडली आहे. विजेचं बिल वाचवतात खरे, पण त्यांच्या आतला ड्राइव्हर ४० मीटरवर चांगलाच किरकिरतो.

घर अंधारात असूनही काटा हलला नाही, तर मामला शेजाऱ्यांचा किंवा निसर्गाचा. तुमचा गोंगाट संध्याकाळचा आहे म्हणून आजूबाजूच्या छपरांवरच्या सोलर इन्व्हर्टरवर संशय घेऊ नका, सूर्य मावळला की ते गप्प असतात. आणि अंधार पडल्यावर ४० मीटर लांबवर उघडतो. ७.२च्या वरची ब्रॉडकास्ट स्टेशनं भरभरून येऊ लागतात, मे-जूनमध्ये दूरच्या विजांचा कडकडाट ऐकू येतो. त्यातला थोडा भाग कायमचाच राहणार. तेव्हा समोरचा प्री-अ‍ॅम्प बंद ठेवा. ७ मेगाहर्ट्झवर बाहेरचा गोंगाट सेटच्या स्वतःच्या आवाजापेक्षा कितीतरी मोठा असतो, त्यामुळे प्री-अ‍ॅम्पने सिग्नल आणि गोंगाट दोन्ही सारखेच फुगतात. उलट एटीटी (सिग्नल कमी करणारं बटण) दाबून बघा. काटा तीनेक घरं खाली येईल आणि माणसं तेवढीच, कधी कधी जास्तच, स्वच्छ ऐकू येतील. नॉइज ब्लँकर मात्र टक-टक अशा तुटक आवाजासाठी आहे, स्पार्क प्लग किंवा विजेच्या खांबासाठी. एसएमपीएसच्या (अडॅप्टर-एलईडीतल्या स्विचिंग सप्लायच्या) सलग खरखरीवर त्याचा उपयोग नाही, आणि जवळचं जोरदार स्टेशन असेल तर तो ते विद्रूप करून ठेवतो.

आता फिल्टरचा हिशेब करू, कारण पैसे तिथेच जास्त जाणार होते. आयसी-७१८चा मूळ एसएसबी (बोलण्यासाठीचा) फिल्टर २.१ किलोहर्ट्झचा आहे. एफएल-२२२ हा अरुंद फिल्टर १.८ किलोहर्ट्झचा. सलग पसरलेला गोंगाट रुंदीच्या प्रमाणात आत येतो, म्हणजे २.१वरून १.८वर आल्यावर गोंगाट कमी होणार ०.७ डीबी (डेसिबल). एक एस-युनिट, म्हणजे मीटरवरचं एक घर, ६ डीबीचं, तेव्हा काट्याला याचा पत्ताही लागणार नाही. एफएल-२२२चा उपयोग आहे तो शेजारच्या स्टेशनची कड कापण्यासाठी, रविवारी सकाळी बँड गच्च भरलेला असताना. सीडब्ल्यू (मोर्स) करणार असाल तर गोष्ट वेगळी: ५०० हर्ट्झच्या एफएल-५२एने गोंगाट ६ डीबीहून थोडा जास्तच कमी होतो, आणि कानाला तो फरक मोठा लागतो. पण हा फिल्टर बसवण्याची आत जागा एकच. तेव्हा तुम्ही की चालवणार की गप्पा मारणार, ते आधी ठरवा, फिल्टर नंतर घ्या. एफटी-८ साठी या दोन्हींतला एकही नको, तिथे उलट पूर्ण रुंदी हवी असते, म्हणजे स्क्रीनवर सगळी स्टेशनं एकदम दिसतात.

आणि एक बघा. समोरचं एनआर (गोंगाट कमी करणारं) बटण दाबून आवाजात फरक पडतो का? पडला तर आत यूटी-१०६ हा डीएसपीचा (आवाज डिजिटल पद्धतीने साफ करणारा) बोर्ड आधीच बसवलेला आहे. बऱ्याच सेटांत तो असतो आणि विकणाऱ्याला ठाऊक नसतो. नसेल तर या सेटच्या आत बसवण्यासारखी मला एवढीच गोष्ट वाटते, कारण तो शिट्ट्या आपोआप कापतो आणि लांब ऐकत बसलं तरी कान दमत नाहीत.

आता बोलतानाची हम, आणि इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे. मल्टिमीटर घ्या, सेटच्या मागे जिथे डीसीचा प्लग शिरतो तिथे त्याची टोकं लावा. पॉवर सप्लायच्या टर्मिनलवर नाही, सेटपाशी. अँटेनाच्या जागी डमी लोड (पॉवर हवेत न सोडता जिरवणारा रेझिस्टर) जोडा आणि माइकमध्ये लांब ‘हॅलो’ म्हणा. पूर्ण १०० वॅटला हा सेट २० अँपिअरच्या आसपास ओढतो. महाराणी रोडवरून २.५ चौरस मिलिमीटरची घरगुती वायर आणून तीन मीटरची जोडी केली असेल, तर जाऊन-येऊन सहा मीटर तांबं होतं, आणि २० अँपिअरला त्यातच जवळजवळ ०.९ व्होल्ट जातात. ६ चौरस मिलिमीटर घेतली तर तेच ०.४च्या आत. सप्लाय १३.८ दाखवतोय आणि सेटला मिळतायत १२.५, त्यात फ्यूज होल्डरचे काळवंडलेले पत्रे आणि सैल थिंबल, झालं. कंपनी १३.८च्या १५ टक्के वर-खाली सेट चालेल म्हणते. तो चालतोही, पण व्होल्टेज खाली गेलं की पॉवर ट्रान्झिस्टर जोरदार शब्दावर मान टाकतात. तुमच्या मित्रांना जे फाटल्यासारखं ऐकू येतंय ते बहुतेक हेच. त्यात सप्लाय जर सीसीटीव्ही-एलईडीच्या दुकानातला १२ व्होल्ट ३० अँपिअरवाला असेल, तर त्याचा ट्रिमर फिरवून १३.८ करता येतात, पण ऐकतानाच्या गोंगाटातही त्याचा वाटा असू शकतो. बॅटरीवरच्या चाचणीत ते कळलंच असेल.

आता उलट चाचणी. समोरच्याला सांगून पॉवर १० वॅटवर आणा आणि तेच वाक्य पुन्हा म्हणा. १० वॅटला आवाज स्वच्छ आणि परवान्यातल्या पूर्ण पॉवरला हम-भरभर, तर एक तर वर सांगितलेली वायर, नाही तर अँटेनातून आरएफ (प्रसारणाची रेडिओ-ऊर्जा) परत शॅकमध्ये, म्हणजे सेटच्या खोलीत, येतंय. डमी लोडवर स्वच्छ आणि अँटेनावर घाण, तर नक्कीच आरएफ. ते कोअ‍ॅक्सच्या बाहेरच्या जाळीवरून चालत येतं, माइकच्या केबलीत शिरतं आणि तुमच्याच आवाजात मिसळतं. दोन्ही पॉवरला हम सारखीच असेल तर सप्लायचं फिल्टरिंग किंवा अर्थिंगचा लूप बघावा लागेल.

आरएफवरचा इलाज म्हणजे चोक, केबलीच्या बाहेरून येणारं आरएफ अडवणारी गुंडाळी. २४० मापाचा, ३१ मिक्सचा (मिक्स म्हणजे फेराइटच्या मिश्रणाचा प्रकार) फेराइट टोरॉइड, म्हणजे कडं, घ्या आणि त्यावर आरजी-५८चे दहा-बारा वेढे द्या, वेढे शेजारी शेजारी, एकावर एक नाही. हा चोक वर अँटेनाच्या फीड-पॉइंटला लावा. जमलं तर दुसरा खिडकीपाशी, जिथे केबल घरात शिरते तिथे. बाजारात केबलीवर अडकवायचे छोटे काळे क्लिप मिळतात, ते एकेरी केबलवर ७ मेगाहर्ट्झला काहीच करत नाहीत, कारण अडथळा वेढ्यांच्या वर्गाने वाढतो आणि तिथे वेढा एकच असतो. आणि भंगारातून काढलेला कोअर, ज्याचं मिक्स माहीत नाही, तो यासाठी घेऊ नका. दिसायला सगळे काळेच. हाच चोक घरातला गोंगाट केबलीवरून अँटेनाकडे चढू देत नाही, म्हणजे तुमच्या पहिल्या तक्रारीवरही तो काम करतो. तुमच्या अख्ख्या यादीत हा नव्हता, म्हणून मुद्दाम लिहितोय.

अर्थिंगबद्दल आपल्या माळव्याच्या काळ्या मातीचं सांगायला हवं. पावसाळ्यात ती उत्तम, ओली आणि चिकट, रॉडला घट्ट धरून बसते. एप्रिल-मेमध्ये तीच माती भेगाळते, रॉडभोवती पोकळी होते आणि अर्थ कागदावरच उरतो. खड्डा करून कोळसा-मीठ भरला असेल तर उन्हाळ्यात आठवड्याला एक बादली पाणी ओता. सेट, सप्लाय आणि कॉम्प्युटर यांची अर्थ एकाच पट्टीवर आणा, आणि ती पट्टी घराच्या मुख्य अर्थिंगशी जोडलेली असू द्या. आणि जूनमध्ये ढग जमले की अँटेना सेटपासून काढून खिडकीबाहेर टाका. यात हयगय नको.

इथवरचं सगळं सेटचा एकही स्क्रू न उघडता होतं. बॅटरी आणि मेनची चाचणी, सेटपाशी व्होल्टेज, जाड वायर, चोक, अर्थ. हे झाल्यावर काटा कुठे आला आणि मंडळी काय म्हणतात ते बघा, मग यादीकडे वळा. मी बरीच वर्षं लोकांचे सेट दुरुस्त करतोय. टेबलावर येणाऱ्या सेटांत मूळचा बिघाड असलेले कमी, आणि ‘सुधारणा’ केल्यावर बिघडलेले जास्त.

यादीतली सगळ्यात चांगली वस्तू इंटरफेस. तो बाजारातून तयारही मिळतो, पण तुम्हाला सोल्डरिंग येत असेल तर घरी करण्यासारखा आहे. सेटच्या मागे १३ पिनांचं एसीसी सॉकेट आहे. त्यात ३ नंबर सेंड, ११ मॉड्युलेशन आत, १२ आवाज बाहेर, २ ग्राउंड. मॅन्युअलमधल्या चित्राशी ताडून घ्या, कारण प्लगच्या पाठीमागून बघताना पिना उलट्या दिसतात आणि लोक तिथेच फसतात. ११ नंबरला साधारण १०० मिलिव्होल्ट पुरतात. कॉम्प्युटरचं हेडफोन आउटपुट एक व्होल्टच्या घरात असतं, म्हणून मध्ये १० के आणि १ के रेझिस्टरची जोडी टाकून ते दहाव्या हिश्श्यावर आणा. आवाजाच्या दोन्ही वाटांत ६०० ओहमचा एकास-एक ऑडिओ ट्रान्सफॉर्मर हवा, आणि पीटीटीसाठी (प्रसारण सुरू करणारा स्विच) पीसी८१७सारखा ऑप्टोकपलर. ट्रान्सफॉर्मरचे दोन रुपये वाचवायला जाल तर कॉम्प्युटरची अर्थ आणि सेटची अर्थ मिळून नवी हम घरात येईल.

तेरा पिनांचा प्लग सोल्डर करणं कटकटीचं आहे. प्लास्टिक वितळतं आणि पिना वाकड्या होतात. प्लग त्याच्या जोडीच्या सॉकेटमध्ये खुपसून मग सोल्डर करा, म्हणजे गरम पिना जागेवर राहतात. हे जोडीचं सॉकेट वेगळं आणायचं, सेटचं वापरायचं नाही. बारीक बिट, २५ वॅटचं सोल्डरिंग आयर्न, वायरला आधीच सोल्डर चढवून ठेवा आणि प्रत्येक पिनेवर श्रिंक स्लीव्ह. नको असलेल्या पिनांना हात लावू नका, ८ नंबरवर सेटचे १३.८ व्होल्ट थेट येतात.

फ्रिक्वेन्सी कॉम्प्युटरवरून बदलायची असेल तर मागचं रिमोट सॉकेट, म्हणजे सीआय-व्ही. ही एकाच तारेवरची टीटीएल (५ व्होल्टची डिजिटल) लाइन आहे. ५ व्होल्टचा यूएसबी-टीटीएल अडॅप्टर पुरतो: आरएक्स थेट तारेवर, टीएक्स एका शॉट्की डायोडमधून, डायोडचा पट्टा टीएक्सच्या बाजूला. सॉफ्टवेअरमध्ये पत्ता ५ई. एफटी-८ करताना माइकचा प्लग काढून ठेवा, नाही तर घरातला टीव्हीही ऑन एअर जातो. कॉम्प्रेसर बंद, आवाजाची पातळी एवढीच की एएलसीचा (पॉवर मर्यादेत ठेवणाऱ्या सर्किटचा) काटा जेमतेम हलेल न हलेल. आणि पॉवर ३० वॅटच्या वर नको. एसएसबीत आपण श्वास घेतो, एफटी-८मध्ये प्रत्येक १५ सेकंदांतले साडेबारा सेकंद सेट पूर्ण जोरात पळत असतो. उन्हाळ्यात दुपारी पंख्याखाली बसलेल्या तुमच्यापेक्षा त्याला जास्त तापतं.

डेस्क माइक घ्यायचाच तर एक लक्षात ठेवा. आयकॉमच्या आठ पिनी माइकमध्ये १ नंबरच्या आवाजाच्या पिनेवर इलेक्ट्रेट माइकसाठी थोडं डीसी येतं, आणि २ नंबरवर ८ व्होल्ट. साधा इलेक्ट्रेट कॅप्सूल थेट चालतो. गणेशोत्सवाच्या मंडळाकडून आणलेला डायनॅमिक माइक लावणार असाल, आणि इंदुरात तो प्रत्येक गल्लीत मिळतो, तर मालिकेत ४.७ मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर हवाच, शिवाय त्याचा आवाज क्षीण पडतो म्हणून छोटा प्री-अ‍ॅम्पही. २ नंबर चुकून ग्राउंडला लागला तर आतला ८ व्होल्टचा रेग्युलेटर जाऊ शकतो, मॅन्युअलही तेच बजावतं. मला विचाराल तर सेटबरोबर आलेला हातातला माइकच तोंडापासून चार बोटांवर, जरा तिरका धरा, माइक गेन कमी करा, आणि वायर-चोक झाल्यावर पुन्हा रिपोर्ट मागा. बहुतेक वेळा डेस्क माइकची इच्छा तिथेच मावळते.

डायोड काढून सेट ‘ओपन’ करणं हे मात्र करू नका, आणि इथे ‘अवलंबून आहे’ वगैरे काही नाही. ऐकण्यासाठी म्हणाल तर हा सेट ३० किलोहर्ट्झपासून ३० मेगाहर्ट्झपर्यंत मुळातच सगळं ऐकतो. उघडतं ते फक्त प्रसारण, आणि आपल्याला परवाना आहे तो हौशी बँडांचाच. ४० मीटरवर ७.०० ते ७.२०. डायल जरा सरकली आणि बोट पीटीटीवर पडलं, एवढंच पुरतं. तसंच आतला ट्रिमर फिरवून १०० वॅटचे १२० काढणं. फायदा ०.८ डीबीचा, समोरच्याला कळणारही नाही. शेजारच्या फ्रिक्वेन्सीवर मात्र तुमचा शिंतोडा उडालेला सगळ्यांना कळेल. जुना सेट आहे म्हणून झाकण काढून एवढंच तपासा की आधीच्या मालकाने यातलं काही करून ठेवलंय का: हाताने केलेलं सोल्डर, कापलेले डायोडचे पाय, फ्यूजच्या जागी तार. काही दिसलं तर हात लावण्यापूर्वी फोटो काढा.

लिनिअरचा प्रश्न तुमच्या परवान्यानेच तूर्त सोडवला आहे. रिस्ट्रिक्टेडला किती पॉवर चालते ते परवान्यावर लिहिलंय, आणि हा सेटच त्या मर्यादेत राहण्यासाठी खाली करावा लागतो. पुढे जनरल ग्रेड झाल्यावरही हिशेब करा: १०० वॅटचे ४०० केले की समोरच्या मीटरवर एक एस-युनिट वाढतं, बस. आणि जुना व्हॉल्व्हचा लिनिअर कुणी स्वस्तात दिलाच, तर त्याच्या रिलेची लाइन सेटच्या सेंड पिनेला थेट जोडू नका. काहींत तिथे शंभर व्होल्टच्या वर असतात. मध्ये १२ व्होल्टची छोटी रिले टाका आणि तिच्या कॉइलवर उलटा डायोड.

त्यापेक्षा तेच पैसे तांब्यात घाला. पुणे तुमच्यापासून हवाई अंतराने पाचशे किलोमीटर, नागपूर त्याहून जवळ. दिवसा ४० मीटरवर एवढ्या अंतराला सिग्नल बऱ्याच चढ्या कोनात वर जाऊन परत उतरतो, म्हणून गच्चीवर सहा-सात मीटर उंचीचा तुमचा व्ही त्यासाठी अगदी योग्य आहे, टॉवरची गरज नाही. अँटेना जुळवणारा ट्यूनरही एवढ्यात नको. या सेटमध्ये तो आत नसतो, पण ४०ची तार ७.१ला जुळेल अशी, एकूण साधारण २० मीटर लांब, कापून नीट बसवली असेल तर लागतच नाही. २० मीटरचा बँड हवा असेल तर त्याच फीड-पॉइंटला पाच-पाच मीटरचे आणखी दोन पाय जोडा, मूळ पायांपासून टोकं दीड-दोन हात लांब बांधा. आधी पाय थोडे लांब ठेवा, एसडब्ल्यूआर (अँटेना किती जुळली ते सांगणारा आकडा) बघत बघत कापत या. जुळवताना पॉवर १० वॅट, आणि दोन्ही बँड पुन्हा पुन्हा तपासा, कारण एकाची लांबी बदलली की दुसरा थोडा सरकतो. बॅटरीच्या चाचणीचे आकडे आणि सेटपाशी मिळालेलं व्होल्टेज इथेच कळवा, मग यूटी-१०६ घ्यायचा की नाही ते ठरवू.

७३ (हॅम मंडळींच्या भाषेत शुभेच्छा).